मागचं पॅनेल

१

सकाळी साडेआठला चहाचा कप व्हॅनच्या पायरीवर ठेवायचा, बाजूचं सरकतं दार उघडायचं, आत भिंतीवर लावलेल्या छोट्या डिस्प्लेवरचा आकडा वहीत लिहायचा. मग दर पंधरा मिनिटांनी एक आकडा, ऊन कलेपर्यंत. निवृत्तीनंतर माणसं कुंड्या लावतात, फिरायला जातात. मी आकडे लिहीत होतो.

चौतीस वर्षं वीज कंपनीच्या मीटर-तपासणीच्या खोलीत काढली आहेत. लोक तक्रार करायचे की आमचं मीटर पळतंय, आणि मी ते टेबलावर बांधून सांगायचो की मीटर जागेवरच आहे, पळतोय तो तुमचा गिझर. ऑफिसात मला शंकासुर म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटत नसे, कारण माझं सहसा चुकत नसे.

व्हॅन जुनी, पूर्वी माल पोचवायची. आतल्या बाजूला मागे पलंग, एक बर्नर, एक छोटं बेसिन. पलंगाखाली घरखर्चाची म्हणावी अशी वेगळी बॅटरी, दिव्यांसाठी आणि मशीनसाठी. छतावर दोन सोलर पॅनेलं, एक पुढे आणि एक मागे, पलंगाच्या बरोबर वर. ही बॅटरी इंजिनकडून चार्ज होत नव्हती. तसं जोडून द्यायला मेकॅनिकने तीन आठवडे मागितले होते आणि आमच्याकडे नऊ दिवस होते. म्हणजे तिला खायला फक्त ऊन.

मशीन ऑक्सिजनचं. माझ्या बायकोची फुप्फुसं दोन वर्षांपासून आखडत चालली आहेत. सलग चार शब्द बोलली की ती थांबते, हवा गोळा करते आणि मग पाचवा शब्द काढते. रात्रभर आणि शिवाय दुपारी दोन तास तिला ते मशीन लागतं. आमच्या मुलीला मूल झालं त्याला महिना झाला होता, आणि मुलगी राहते चार दिवसांच्या वाटेवर. विमानाला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. ट्रेनमधली गर्दी नको म्हणाले. व्हॅनने जा, पण मशीन एक रात्रही बंद पडता कामा नये, एवढी एकच अट त्यांनी घातली. शेवटचे दोन-अडीच दिवस रस्ता असा होता की मुक्कामाला प्लग मिळेलच अशी खात्री नाही. माझ्या हिशेबाने ऊन पुरत होतं, अगदी काठोकाठ.

आणि बायकोला जायचंच होतं. ती आयुष्यभर शिवणकाम करत आली. नातवाचं झबलं तिने बघितल्याशिवाय, नुसत्या फोटोवरून मापं काढून शिवलं होतं, आणि ते बसतं की नाही हे तिला स्वतःच्या हाताने घालून बघायचं होतं.

पहिल्या दिवशी सव्वाअकराला आत येणारा करंट होता नऊ पूर्णांक दोन अँपिअर. साडेअकराला पाच पूर्णांक एक. पावणेबाराला पुन्हा नऊच्या वर. आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता. मी वहीत पाच एकच्या भोवती गोल काढला आणि जेवायला गेलो.

२

दुसऱ्या दिवशी तेच झालं, फक्त पाच एक अर्धा तास टिकला. तिसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं. सुरुवात रोज साडेअकराच्या आसपास.

आमच्या कामात एक नियम असतो. एका वेळी एकच बदल करायचा. दोन वस्तू एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर कशाने गेला ते कळत नाही, आणि न कळता गेलेला दोष परत येतो. मी शिडी लावून पॅनेलं पुसली. आकडा तोच. जोडण्या सोडल्या, पातळ कागदाने घासल्या, परत आवळल्या. आकडा तोच. फ्यूज बदलला, मग वायर बदलली, मग पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसतो तो कंट्रोलर बदलला. एवढं कळलं की पुढचं पॅनेल निर्दोष आहे. साडेअकराला जे आडवं पडतं ते मागचं.

पॅनेलवाल्याला फोन केला. भला माणूस, पण त्याला वाटतं की ज्याचे केस पिकले त्याला सगळं दोनदा सांगावं लागतं. तो म्हणाला, काका, सावली असेल. मी म्हटलं, सावली नाही. तो म्हणाला, काका, सावलीच असते, शंभरातल्या नव्वद वेळा. अँटेना बघा, तार बघा, शेजारच्याची टाकी बघा.

बघितलं. आमचं अंगण म्हणजे चारी बाजूंनी कमरेएवढ्या भिंती आणि मध्ये फरशी. झाड नाही, खांब नाही. शेजारच्याची टाकी उत्तरेला, तिची सावली आमच्याकडे यायची तर सूर्यालाच घर बदलावं लागलं असतं. तरी साडेअकराला शिडीवर चढून मी मागचं पॅनेल डोळ्यांनी पाहिलं. लख्ख ऊन पडलं होतं काचेवर. खाली उतरून डिस्प्ले बघितला. पाच एक.

आतमध्ये बायको झोपलेली होती, नाकात नळी, मशीन दर श्वासाला फस् करून झोत सोडत होतं. तिची विश्रांती आम्ही मुद्दाम व्हॅनमध्येच ठेवली होती, प्रवासाची सवय व्हावी म्हणून. मशीन किती वीज घेतं ते डिस्प्लेवर वेगळ्या रकान्यात दिसतं. त्याचा या आकड्याशी संबंध नव्हता. तेव्हा छताचा पत्रा टक् असा वाजला. उन्हाने पत्रा फुगतो तेव्हा वाजतोच. मी तेही वहीत लिहिलं.

३

चौथ्या दिवशी ठरवलं की जागा बदलून बघायची. लाकडाच्या वखारीपलीकडे एक मोकळं मैदान आहे, तिथे मी एकटाच व्हॅन घेऊन गेलो. बायकोची त्या दिवशी घरातच विश्रांती झाली. साडेअकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. नऊ, नऊ दोन, नऊ तीन. आकडा जागचा हलला नाही. मी इतका खूश झालो की वखारीतल्या अनोळखी माणसाला बोलावून डिस्प्ले दाखवला. तो बिचारा हो हो म्हणाला आणि गेला.

म्हणजे दोष अंगणात होता. रिकामा वेळ होता तर मी एक गोष्ट करून घेतली. तो पाच एक म्हणजे नेमकी किती सावली, ते मोजायचं ठरवलं. आधी मागच्या पॅनेलवर तळहात ठेवला. आठ चार. मग तिथे जुनी चादर पूर्ण पसरली. साडेचार, म्हणजे ते पॅनेल मेल्यात जमा. पाच एकला चादर पुरून उरत होती. कडेकडेने थोडं ऊन लागायला हवं होतं. मग पुठ्ठे ठेवून बघितले, लहान, मोठा, दोन्ही. कधी सहा, कधी साडेसहा. शेवटी वैतागलो आणि पॅनेलच्या चौकटीवर दोन फळ्या आडव्या टाकून स्वतःच त्यावर मांडी घालून बसलो, आणि त्याच सकाळी डिस्प्लेशी जोडून घेतलेल्या मोबाइलवर आकडा बघितला.

पाच एक.

मला आधी हसू आलं. चौतीस वर्षं जगाची मापं काढली आणि आता माझ्या बैठकीचं माप निघालं, पाच पूर्णांक एक अँपिअर. मग हसू थांबलं. मी फळ्या घेऊन खाली उतरलो, आणि उतरताना पत्रा टक् असा वाजला. माझा भार हलला म्हणून वाजला, हे मला माहीत होतं. तोच आवाज, तसाच.

घरी येऊन बायकोला एवढंच सांगितलं की अंगणात काहीतरी आहे, मी शोधून काढतो. ती म्हणाली, काढाल. तुम्ही चिकटलात की सुटत नाही.

४

पाचव्या दिवशी ती म्हणाली की घरात कंटाळा येतो, मैदानात मीही येते. वखारीच्या वासाने तिला बरं वाटलं. साडेअकराला ती पलंगावर आडवी झाली, मी नळी लावून दिली, पायरीवर बसलो आणि वही उघडली.

अकरा बत्तीसला छत टक् वाजलं. नऊ दोनचे पाच एक झाले.

मी वहीत पाच एक लिहिलं आणि कालचं पान उलटलं. मैदान तेच होतं, उन्हाची वेळ तीच होती, गाडी मी काल उभी केली होती त्याच चाकोरीत उभी होती. एका वेळी एकच बदल, हा माझा नियम. आणि काल मी दोन केले होते. जागा बदलली होती आणि बायको घरी ठेवली होती. दुसरा बदल मला बदल वाटलाच नव्हता. इतकी वर्षं मी मीटर तपासलं, वायर तपासली, सील तपासलं. घरातलं माणूस मी कधी सर्किटात धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला सकाळी साडेनऊलाच झोपायला सांगितलं. कारण विचारलं तर म्हणालो, डॉक्टर म्हणाले. ती आडवी झाली आणि दोन मिनिटांत आकडा निम्म्यावर आला. ती उठून बसली, आकडा वर. मी पाणी आणून दिलं आणि पुन्हा झोप म्हटलं. आकडा खाली.

मी शिडी चढलो. मला भीती वाटत होती हे सांगायला लाज कसली, पण त्याहून जास्त राग आला होता. नऊ दिवसांतले सहा दिवस गेले होते. काचेवर काहीच नव्हतं. धूळसुद्धा नव्हती, मीच पुसली होती. मी हात टेकवला. त्या उन्हात काच एवढी तापते की हात ठेववत नाही, आणि कडांना ती तशीच तापलेली होती. मध्ये मात्र गार होती. सावलीतल्या फरशीसारखी गार. मी बोटांनी चाचपत त्या गारव्याची कड शोधली. एका बाजूने गोल, दुसऱ्या बाजूने गोल, मध्ये निमुळती. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या बुडाखाली जेवढी जागा जाते तेवढी.

माझ्या हातावर ऊन पडलेलं मला दिसत होतं. ते लागत नव्हतं. मी हात काढून घेतला आणि शिडीवरून दोन पायऱ्या चुकवत उतरलो.

५

त्या संध्याकाळी मी तिला सांगणार नव्हतो, पण माझ्या तोंडाकडे बघून कुठला टाका उसवलाय ते ती ओळखते. तिने विचारलं, मी टाळलं, तिने परत विचारलं. शेवटी मी आकडे सांगितले. आकड्यांमागचं सांगितलं नाही.

तिने झबल्याची घडी मोडली आणि परत घातली. हवा गोळा करत असेल असं मला वाटलं.

“मी झोपते तेव्हा,” ती म्हणाली, “वर कोणीतरी असतं.” थांबली. “माझ्याबरोबर श्वास घेतं. आधी चुकायचं त्याचं. आता जमतं.”

मी विचारलं की आधी का बोलली नाहीस. ती म्हणाली, बोलले असते तर तुम्ही जाणं रद्द केलं असतं. खरं होतं. मी म्हटलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली की भीतीला जेवढी हवा लागते तेवढी तिच्याकडे उरलेली नाही. हे बोलून ती हसली आणि त्या हसण्याचा तिला खोकला आला, आणि मी पाठीवर हात फिरवत बसलो. तिची पाठ किती लहान झाली होती ते मला तेव्हा कळलं.

“तुम्ही ते दुरुस्त करा,” खोकला थांबल्यावर ती म्हणाली. “किंवा नका करू. पण रविवारी निघायचं.”

मला भुताखेतांतलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण दोष कुठे आहे ते कळल्यावर तो टाळायचा कसा, हे कळतं. जे काही होतं ते तिच्या वर येऊन बसत होतं. तिच्या वर पॅनेल नसेल तर बसेना का खुशाल.

६

सातव्या दिवशी मी दोन्ही पॅनेलं छतावरून काढली. पाना, घाम आणि शिव्या, तिन्ही लागले. लांब वायर टाकून ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला भिंतीशी तिरपी उभी केली, व्हॅनपासून वीस पावलांवर. सध्या चाचणी तरी पार पडू दे, प्रवासात मुक्काम केला की अशीच उतरवून मांडायची, असं ठरवलं.

साडेअकराला ती झोपली. मी वही घेऊन बसलो. नऊ चार. पावणेबारा, नऊ चार. बारा, नऊ पाच. बोटभरही सावली नाही. एक वाजता मी उठलो तेव्हा गुडघे दुखत होते आणि मी गुणगुणत होतो. संध्याकाळी बॅटरी शंभर टक्के भरली. रात्रभर मशीन चाललं आणि सकाळी निम्म्याहून जास्त शिल्लक. पॅनेलवाल्याला फोन करून सांगितलं की सुटला प्रश्न. तो म्हणाला, सावलीच होती ना काका? मी म्हटलं, होय बाबा, सावलीच होती.

बायकोलाही बरं वाटत होतं. सकाळी ती सहा शब्द सलग बोलली. मी मोजले.

आठव्या दिवशी दाढी करताना एक गोष्ट लक्षात आली आणि माझा हात थांबला. ते पॅनेल ही एकच वस्तू होती जी मला सांगत होती की ते कधी येतं, कुठे बसतं, केव्हा उठतं. तेच मी काढून वीस पावलांवर नेऊन ठेवलं होतं. आकडा नऊ चार याचा अर्थ ते गेलं असा होत नव्हता. त्याचा अर्थ एवढाच की ते आता पॅनेलवर नाही.

७

त्या दिवशी बारा वाजता मुलीचा फोन आला. बायको विश्रांती अर्धी टाकून उठली, नळी काढून उशीवर ठेवली आणि फोन घेऊन अंगणात भिंतीच्या सावलीत खुर्चीवर जाऊन बसली. मशीन बंद करायचं विसरली. मी पायरीवर होतो. बंद करायला आत वळलो आणि डिस्प्लेकडे लक्ष गेलं.

ते मशीन सतत वाहत नाही. नाकाशी श्वास ओढला गेला की तेवढ्यापुरता झोत सोडतं, आणि त्या क्षणी खर्चाचा आकडा चारवरून सहावर जातो. श्वास मिळाला नाही तर मिनिटभराने शिट्टी मारतं. शिट्टी वाजत नव्हती. चार, सहा, चार. चार, सहा, चार. फस्. फस्. मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला बारा. माझ्या बायकोचे सव्वीस असतात.

पलंगावर कोणी नव्हतं. चादरीवर नवी सुरकुती पडत नव्हती. उशी मध्ये दबलेली होती, ती नुकती उठली होती तेव्हा दबलेली असणारच. नळीचं नाकात घालायचं टोक मात्र उशीवर टेकलेलं नव्हतं. बोटभर वर होतं. वर, आणि किंचित आत वळलेलं, आणि दर झोताला जरासं थरथरत होतं.

बाहेर बायको मुलीला काहीतरी सांगत होती. मी ऐकलं तेव्हा एवढंच जाणवलं की ती खूप वेळ बोलतेय. लग्नानंतरच्या पहिल्या शिलाई मशीनची गोष्ट, ते कसं आणलं, जिन्यात कसं अडकलं, घरमालक काय म्हणाला, सगळं एका दमात, वाक्यामागून वाक्य. दोन वर्षांत ती अशी बोलली नव्हती. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मग मी नीट बघितलं. श्वास घेताना तिच्या गळ्याशी खड्डा पडतो, गेली दोन वर्षं मी तोच बघत जगलो आहे. खड्डा पडत नव्हता. छाती हलत नव्हती. ती बोलत होती आणि फस्, फस् पलंगावरून येत होतं.

मी जे केलं ते कोणाही शहाण्या नवऱ्याने केलं नसतं. मी मशीनचं बटण बंद केलं.

“आणि तो म्हणतो, बाई, हे इथून—” बाहेर आवाज तुटला. फोनमधून मुलगी हाका मारत होती, आई, ऐकू येत नाहीये, आई.

मी बटण चालू केलं.

“—वर जाणारच नाही,” बायको म्हणाली, आणि मुलीला म्हणाली की नेटवर्क गेलं असेल.

टेबलावर एकदा आलेला आकडा आम्ही धरत नाही. तीनदा घ्यायचा, तिन्ही जुळले तरच लिहायचा. माझ्या हातात हे इतकं मुरलेलं आहे की तो माझी परवानगी विचारत नाही. मी दुसऱ्यांदा बंद केलं. ती या वेळी माझ्याकडेच बघत होती. तिचं तोंड अर्धं उघडं राहिलं, फोनचा हात हळूहळू मांडीवर आला, आणि डोळे उघडे होते पण त्यांत मी नव्हतो. मी चार आकडे मोजले. चार.

चालू केलं. तिने फोन परत कानाला लावला.

बोट बटणावरच होतं. तिसरा आकडा बाकी होता. मी दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं आणि ते बोट तिथून काढलं. त्या तारखेपुढे माझ्या वहीत काहीच लिहिलेलं नाही.

८

संध्याकाळी मी घरातल्या प्लगवरून बॅटरीला चार्जर लावला आणि बायकोला म्हटलं की आपण नको जाऊ या. मुलगीच तीन महिन्यांनी बाळाला घेऊन येईल.

“तीन महिने कोणाचे?” तिने विचारलं.

घरी प्लग होता. पण वीज कधी कधी जाते आणि किती वेळ जाते, हे मला तरी कोणी सांगायला नको. ती म्हणाली की तिला आज किती बरं वाटतंय ते मला दिसत नाही का. भिंतीला टेकून श्वास मोजत बसायला मी काय तुमचं मीटर आहे? मला नातवाला हातात घ्यायचंय. एवढं मोठं ती सलग बोलली, आणि मी पलंगाकडे न बघता हो म्हणालो.

त्या रात्री मी नवा हिशेब मांडला. आता रात्रीपुरतं नाही, चोवीस तास. बॅटरी आणि दोन पॅनेलं यांत ते बसत नव्हतं. शनिवारी पॅनेलवाल्याकडून तिसरं पॅनेल आणलं आणि तिन्ही छतावर बसवली, कारण आता थांबायला सवड नव्हती, चालत्या गाडीला ऊन हवं होतं. मुक्काम रद्द करायचे, डोळा लागला तर तासभर कडेला घ्यायची आणि पुन्हा निघायचं. ऊन स्वच्छ राहिलं तर पोचतो, दहा-बारा टक्के हातात ठेवून. बायकोला सांगितलं की मशीन सारखं बंद-चालू केलं तर बिघडतं, म्हणून चालूच ठेवायचं. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि बरं म्हणाली.

छतावर तिन्ही पॅनेलं पूर्ण भरात चालत होती. मागचंसुद्धा. इतका सुंदर आकडा मी नऊ दिवसांत पाहिला नव्हता, आणि तो मी वहीत लिहिला नाही.

रविवारी निघालो. बायको पुढे माझ्या शेजारी बसली. पलंगावर झोपायला ती आता तयार नव्हती. पुढेच बरं वाटतं म्हणाली, सीट मागे करून तिथेच डोळे मिटायची. मागे वळून तिने एकदाही बघितलं नाही, आणि मी आरसा वर वळवून टाकला होता. शेवटचा प्लग एका पंपाशेजारच्या ढाबळीवजा लॉजमध्ये मिळाला. तिथे चार तास थांबून बॅटरी काठोकाठ भरून घेतली. तिथून पुढे फक्त ऊन.

उन्हावरचा पहिला दिवस स्वच्छ गेला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता डोंगराच्या अंगाने एक पांढुरकी साय आभाळावर चढली आणि बसली. चौदाचा आकडा पाचवर आला, मग तीनवर. डिस्प्ले मी आता स्टिअरिंगशेजारी आणून बांधला होता. बॅटरीत बावीस टक्के. मुलीचं घर साडेपाच तासांवर. मी मनात भागाकार केला, परत केला, आणि पाय खाली दाबला. पंखा बंद केला, दिवे काढले, पाण्याचा पंप तोडला. जे जे वीज खात होतं ते सगळं तोडलं, एक सोडून.

एकोणीस टक्के झाले तेव्हा बायको बाळाच्या नाकाबद्दल बोलत होती. ते नाक माझ्यावर गेलंय, आणि पोराचं नशीब फुटकं, दुसरं काय. तिचा चेहरा उजळला होता. मागे फस्, फस्, शांत, मिनिटाला बारा.

“अहो, सारखं काय त्या आकड्याकडे बघताय?” ती म्हणाली. “रस्ता बघा.”

“बघतो,” मी म्हटलं. “तू बोलत राहा. तू बोलत राहिलीस की मला आकडा बघावा लागणार नाही.”